भरलेलं धरण आणि रिकामा काठ

यवतमाळ म्हटलं की आधी कापूस आठवतो, मग टिपेश्वरचा वाघ. पाणपक्षी कुणाला आठवत नाहीत. पक्षी पाहायचे तर भरतपूर गाठावं, फार तर भिगवण किंवा नांदूर मध्यमेश्वर, अशी इथल्या शिकल्यासवरल्या माणसांचीही समजूत असते. जिथं माणसाला प्यायला पाणी पुरत नाही तिथं बदकं कशाला येतील, असं ते विचारतात. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटल्यावर यवतमाळ शहराचे जे हाल झाले, ते पाहिलेल्या माणसानं असं विचारलं तर त्यात त्याची चूक नाही.

पण पाणीटंचाई असलेल्या मुलखात पाणथळ जागा नसतात, हे खरं नाही. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पडतो तो चार महिन्यांत, आणि काळ्या कातळात मुरतो कमी, वाहून जातो जास्त. हे वाहतं पाणी अडवायला गेल्या पन्नास-साठ वर्षांत पुसदजवळ पूस, दिग्रसजवळ अरुणावती, बाभुळगाव तालुक्यात बेंबळा, केळापूरकडे सायखेडा अशी धरणं उभी राहिली. गावोगावचे पाझर तलाव वेगळेच. सगळ्यांत मोठा पसारा पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचा. यवतमाळ आणि हिंगोली जिल्ह्यांच्या सीमेवरच्या या जलाशयाचा सुमारे ३७.८ चौरस किलोमीटरचा भाग २०१४ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला. वाघाच्या अभयारण्याला पर्यटक रांगा लावतात. पाण्याचं अभयारण्य आहे हे पुसदमध्येही अनेकांना ठाऊक नसतं.

आता सगळ्यांत चिवट गैरसमजाकडे येऊ. ऑक्टोबरात बातमी येते, यंदा धरण शंभर टक्के भरलं. लगेच कुणीतरी म्हणतो, म्हणजे यंदा पक्षी भरपूर. प्रत्यक्षात तुडुंब भरलेल्या धरणावर नोव्हेंबरात गेलात तर हात हलवत परत येण्याचीच शक्यता जास्त. मध्यावर काही वारकरी, लांब कुठंतरी पाणकावळे, संपलं.

कारण साधं आहे. पाणपक्ष्यांपैकी फार थोडे खोल पाण्यात जेवतात. लालसरी, शेंडी बदक, वारकरी आणि टिबुकली बुडी मारून तळ गाठतात, पण त्यांनाही तळ फार खोल असून चालत नाही. तलवार बदक, थापट्या, भुवई बदक, हळदी-कुंकू ही बदकं बुडी न मारता डोकं खाली, शेपटी वर अशी उलटी होऊन खातात. मान पोहोचेल तेवढंच पाणी त्यांच्या कामाचं, म्हणजे वीत-दीड वीत. लांब लाल पायांचा शेकाट्या गुडघाभर पाण्यात उतरतो, पण तो गुडघा त्याचा, आपला नव्हे. तुतवारांना घोटा बुडेल एवढं पाणी पुरतं. आणि टिलवा, कंठेरी चिखल्या यांना तर पाणीसुद्धा नको, पाणी नुकतंच सरलेला ओला चिखल हवा. त्या चिखलात चिलटांच्या अळ्या, कृमी, बारीक गोगलगायी असतात. चिखल वाळला की अळ्या खाली जातात किंवा मरतात, आणि चिमुकल्या चोचीला त्या लागत नाहीत.

म्हणून पाहायचं ते पाणी किती आहे हे नाही, ते किती हळूहळू उतरतंय हे. रब्बीची आवर्तनं सुरू झाली की कालव्यातून पाणी सुटतं, जलाशयाची पातळी उतरते आणि दर आठवड्याला काठाची नवी ओली पट्टी उघडी पडते. गहू-हरभऱ्याला सोडलेलं पाणी असं अजाणता पक्ष्यांनाही जेवू घालतं. उताराच्या, खडकाळ काठापेक्षा पसरट, मातीचा काठ चांगला, कारण तिथं पातळी हातभर उतरली तरी पन्नास-शंभर पावलांचा चिखल मोकळा होतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जायचं ते याचसाठी. भिंतीवर उभं राहून पाहू नये. भिंतीपाशी पाणी सर्वांत खोल असतं आणि पर्यटक नेमके तिथंच थांबतात. पक्षी असतात वरच्या टोकाला, जिथं नदी किंवा नाला जलाशयात शिरतो.

उघड्या पडलेल्या या बुडीत क्षेत्रात गाळपेर होते. पाणी सरेल तशी लोक हरभरा, भाजीपाला, टरबूज लावत पुढं सरकतात. पक्षिनिरीक्षकांमध्ये गाळपेरीला सरसकट शिव्या घालण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. ज्यांची जमीन धरणात गेली त्यांतले काही जण त्याच जमिनीवर चार महिने पीक घेतात. त्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे. आणि कापणी झालेल्या गाळपेरीत पट्टकादंब, चक्रवाक चरताना दिसतातही. अडचण होते ती थेट पाण्याच्या रेषेपर्यंत नांगर आला की, आणि कीटकनाशक फवारलं की. रेषेलगतची थोडी पट्टी मोकळी राहिली तर दोघांचंही भागतं.

“हे सगळे सायबेरियातून येतात” हे वाक्य दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत असतंच. सायबेरियाचं नाव आपल्या डोक्यात बसलं ते बहुधा भरतपूरला येणाऱ्या सायबेरियन क्रौंचांमुळे. ते तिथं शेवटचे दिसले २००२ मध्ये. नाव मात्र राहिलं आणि ते प्रत्येक बगळ्या-करकोच्याला चिकटलं. इसापूर-बेंबळ्यासारख्या जलाशयांवर दिसणाऱ्या पक्ष्यांतले पुष्कळ इथलेच असतात: अडई, हळदी-कुंकू, काणूक, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, नदी सुरय. चित्रबलाक गुलाबी पिसांमुळे परदेशी वाटतो, पण तो भारतात घरटी करणारा पक्षी आहे. खरोखर लांबून येणाऱ्यांचे पत्तेही निरनिराळे. पट्टकादंब मंगोलिया, तिबेट, किर्गिझस्तान आणि आपल्याच लडाखमधून येतो. चक्रवाकाची घरटीही लडाख-तिबेटच्या उंच पठारांवर असतात. तीसेक ग्रॅम वजनाचा छोटा टिलवा मात्र उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून येतो. त्याच्याबाबतीत सायबेरिया म्हटलं तर चालेल, पण नेमकं त्याच्याकडं कुणाचं लक्ष नसतं.

हे लांबचे पक्षी इथं अंडी घालायला येतात, हेही चूक. त्यांची वीण उत्तरेत, तिथल्या उन्हाळ्यात होते. इथं ते येतात पोटासाठी. थंडी सोसता येत नाही म्हणून पळतात असंही नाही. पिसांचा कोट भक्कम असतो. तिथलं पाणी गोठतं आणि अन्न बर्फाखाली जातं, म्हणून निघावं लागतं. मध्य आशियातून भारतात उतरणारा हा हवाई मार्ग तीस देशांवरून जातो.

पट्टकादंब एव्हरेस्टवरून उडतात, अशी एक आवडती गोष्ट आहे. उपग्रह-यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात त्यांची नोंदलेली सर्वोच्च उंची सुमारे ७,२९० मीटर निघाली. बहुतेक प्रवास ते याहून बराच खालून, दऱ्याखोऱ्यांच्या चढउतारांप्रमाणे वरखाली होत करतात, कारण दाट हवेत उडायला कमी कष्ट पडतात. शिखर टाळणारा पक्षी मला जास्त शहाणा वाटतो.

टिटवीइतकी बदनामी आणि टिटवीइतकी भाबडी श्रद्धा दुसऱ्या कुठल्याच काठावरच्या पक्ष्याच्या वाट्याला आलेली नाही. रात्री ओरडली की अपशकुन. आभाळ कोसळेल म्हणून पाय वर करून झोपते. उंचावर अंडी घातली तर पाऊस जोरात, आणि चार अंडी असली तर चार महिने पाऊस. या शेवटच्या अंदाजावर आजही पेरणीच्या आधी गप्पा रंगतात, मोबाईलवर घरट्याचे फोटो फिरतात.

टिटवी रात्री ओरडते कारण ती रात्रीही जागी असते, आणि कोल्हा, कुत्रा, साप किंवा माणूस जवळ आला की सगळ्या काठाला खबर देते. झोपते ती इतर पक्ष्यांसारखीच, पायांवर. राहिली अंड्यांची गोष्ट. टिटवी, चिखल्या, तुतवार या कुळांमध्ये एका वेळी चार अंडी हा नेहमीचाच आकडा आहे. टोकं आत करून ठेवलेली चार अंडी पोटाखाली नीट मावतात. पावसाळा चांगला असो की दुष्काळाचा, आकडा तोच. दोन किंवा तीन दिसली तर एखादं कुत्र्यानं नेलेलं असतं किंवा अजून घालायचं बाकी असतं. जागा निवडताना ती जरा उंच, उघडी, चहूकडून दिसेल अशी जागा पाहते. पुढच्या पावसाचा हिशेब तिच्याकडं नाही. मार्चपासूनच ती अंडी घालायला लागते आणि एक वीण वाया गेली तर दुसरी घालते.

तिचं खरं कसब वेगळंच आहे, आणि त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. विदर्भाच्या एप्रिल-मेमध्ये उघड्या जमिनीवर अंडी शिजून जातील एवढं ऊन असतं. तेव्हा टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते. अंडी उबवण्याऐवजी ती थंड ठेवते. महिन्याभरानं पिल्लं बाहेर येतात ती काही तासांत चालायला लागतात.

उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या काठावर आता काय राहिलंय, असं म्हणून गाड्या थेट पाण्यापर्यंत नेल्या जातात. त्याच वेळी टिटवी, छोटी पाणभिंगरी आणि नदी सुरय यांची मातीच्या रंगाची अंडी जमिनीवर पडलेली असतात. घरटं म्हणजे नुसता खळगा. नदी सुरय पाण्यातल्या बेटांवर वसाहत करते. पातळी फार उतरली की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री पोहोचतात. अचानक पाणी वाढलं तर अंडी वाहून जातात. निसर्ग संवर्धनाच्या जागतिक यादीत हा पक्षी आता ‘असुरक्षित’ गटात आहे. पक्षिनिरीक्षणाचा हंगाम फेब्रुवारीत संपतो, काठाचा संपत नाही.

काही किरकोळ घोळ. वारकरी हा बदक नाही, पाणकोंबडीच्या कुळातला आहे. त्याच्या बोटांना पडदा नसून पाकळ्यांसारख्या झालरी असतात. टिबुकली बदकाचं पिल्लू नव्हे. मुग्धबलाकाच्या चोचीतली फट ही इजा नाही; गोगलगायी आणि शिंपले धरायला ती कामी येते, आणि ती पिल्लांना नसते, वयानुसार तयार होते. रंगीत तो नर, हा नियमही काठावर मोडतो. रंगीत पाणलाव्यात मादी जास्त भडक असते, कमळपक्ष्यात मादी आकारानं मोठी, आणि दोन्हींत अंडी उबवून पिल्लं सांभाळायचं काम नराकडे.

धरणावर जाळी टाकणाऱ्या भोई बांधवांचं म्हणणं असतं की पक्षी मासे संपवतात. ते पूर्ण खोटं नाही. सोडलेल्या कटला-रोहूच्या बोटुकलीवर पाणकावळ्यांचा थवा बसला तर नुकसान होतं. पण हा आरोप सगळ्या पक्ष्यांवर लागतो, तिथं गडबड आहे. बहुतेक बदकं पाणवनस्पती, बिया आणि किडे खातात, चिखल्यांना मासा गिळताही येत नाही.

काठ हिरवागार दिसला की लोकांना बरं वाटतं. तो हिरवा रंग पुष्कळदा बेशरमीचा असतो. बेशरमीच्या दाट झाडीत चिखल्यांना उतरता येत नाही, बदकांना चरता येत नाही. जलपर्णीवर जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी फिरतील, पण तिनं सगळं पाणी झाकलं की बाकीच्यांची जागा जाते. पक्ष्यांच्या दृष्टीनं ओकाबोका, तपकिरी, वास मारणारा चिखल जास्त मोलाचा.

महागड्या कॅमेऱ्यावाचून हा छंद जमत नाही, हा समज दुकानदारांच्या सोयीचा. आठ पटींची साधी दुर्बीण आणि वही पुरते. सकाळी सूर्य पाठीशी येईल असा काठ निवडा, एका जागी बसा. चिखल्या स्वतःच जवळ येतात. उडतानाचा फोटो हवा म्हणून थवा उठवणं मात्र निरुपद्रवी नाही. दर उठवणीला पक्ष्याची साठवलेली चरबी खर्च होते आणि मार्चमध्ये त्याला हिमालय ओलांडायचा असतो. शेव-गाठी टाकणंही बंद करावं.

शेवटचा गैरसमज कायद्याचा, आणि तो जाणकारांमध्येही आहे. शिकारीपुरतं बोलायचं तर अभयारण्याची हद्द निर्णायक नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बदकं इसापूरच्या हद्दीत मारणं गुन्हा आहे, तसंच गावच्या पाझर तलावावर मारणंही. जागेचं मात्र उलट आहे. पक्षी दिसतात म्हणजे ती कायद्यानं पाणथळ जागा आहे आणि आपोआप सुरक्षित आहे, असं धरलं जातं. पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या नियमांनी सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा मत्स्यपालनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय पाणथळीच्या व्याख्येतून वगळले आहेत. इसापूरला निदान अभयारण्याचं कवच आहे. बेंबळा, अरुणावती, निळोणा यांना या नियमांचं संरक्षण नाही, मग तिथं कितीही पक्षी उतरोत.

गंमत अशी की १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या पाणथळीच्या व्याख्येत माणसानं बांधलेले जलाशय बसतात. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, २०२० मध्ये जाहीर झालेलं नांदूर मध्यमेश्वर, हे गोदावरीवर सिंचनासाठी घातलेल्या बंधाऱ्यामुळेच तयार झालेलं आहे. रामसर यादीत येण्याचे निकष आकड्यांचेही आहेत: नियमितपणे २०,००० किंवा अधिक पाणपक्षी, किंवा एखाद्या प्रजातीच्या वा उपप्रजातीच्या एकूण समूहातले एक टक्का पक्षी. असे आकडे सिद्ध करायचे तर वर्षानुवर्षांच्या सलग नोंदी लागतात. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तिच्यासाठी ओळखीच्या तलावावर जाऊन दिसलेले पक्षी मोजायचे, जात न ओळखू आलेले ‘अनोळखी चिखल्या’ म्हणून लिहायचे, आणि तारीख, वेळ व त्या दिवशीची पाण्याची पातळी टिपून ठेवायची.