चुका शोधणाऱ्यांची युनियन

डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या रेव्हन सॉफ्टवेअर या स्टुडिओत 12 टेस्टरांना कळवण्यात आलं, की जानेवारीअखेर तुमचं कंत्राट संपतंय. 'कॉल ऑफ ड्यूटी: वॉरझोन' हा तुफान चाललेला गेम तपासणाऱ्या तीसेक जणांच्या गटातले हे 12. नोकरी टिकेल या भरवशावर काहींनी स्वतःच्या खर्चानं बिऱ्हाड हलवलं होतं. सहकाऱ्यांनी काम थांबवलं आणि सुमारे सात आठवडे संप चालवला.

टेस्टरचं काम म्हणजे दिवसभर गेम खेळण्याचा पगार, असा समज आहे. तो साफ चुकीचा. एकच दार शेकडो वेळा उघडायचं, एकाच भिंतीवर प्रत्येक कोनातून धडकायचं, गेम बंद पडला की तो नेमका कशानं पडला हे पुन्हा घडवून दाखवायचं आणि पायरीपायरीनं लिहून काढायचं. गेमचा दर्जा ज्यांच्या चिकाटीवर उभा, त्यांनाच या धंद्यात सर्वांत कमी पगार, आणि कंत्राटही तात्पुरतं.

रिलीजच्या आधी आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या जादा कामाला या क्षेत्रात 'क्रंच' म्हणतात. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीत काम करणाऱ्या एका तरुणाच्या जोडीदारानं 2004 मध्ये इंटरनेटवर निनावी पत्र लिहून याला वाचा फोडली. आठवड्याचे सातही दिवस, सकाळी नऊ ते रात्री दहा काम, असं वेळापत्रक तिनं मांडलं होतं. पत्र लिहिणारी एरिन हॉफमन होती, हे पुढे उघड झालं. न थकलेल्या ओव्हरटाइमचे दावे उभे राहिले आणि कंपनीनं दोन तडजोडींत मिळून सुमारे 3 कोटी डॉलर मोजले. पैसे मिळाले, पद्धत तशीच राहिली. आवडीचं काम करायला मिळतंय ना, मग तक्रार कसली, हा युक्तिवाद पगाराऐवजी वापरला जात होता. त्यात वॉरझोनसारख्या गेममध्ये नवी भर सतत पडत असल्यामुळे एकदा रिलीज झाला की सुटलो, असंही उरलं नाही.

रेव्हनच्या टेस्टरांनी जानेवारी 2022 मध्ये 'कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका' या कामगार संघटनेच्या साथीनं युनियन जाहीर केली. त्यांची मालक कंपनी अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड म्हणाली, युनियनसाठीचं मतदान फक्त टेस्टरांचं नको, अख्ख्या स्टुडिओचं घ्या. अमेरिकेच्या सरकारी कामगार मंडळानं ते फेटाळलं. एप्रिलमध्ये कंपनीनं सुमारे 1,100 टेस्टरांना कायम करून तासाला किमान 20 डॉलर देऊ केले, मात्र कामगार कायद्याकडे बोट दाखवत रेव्हनला त्यातून वगळलं. हा दबाव नव्हता तर काय होतं? तरीही 23 मे 2022 ला निकाल लागला: बाजूनं 19, विरोधात 3. बड्या अमेरिकी गेम कंपनीतली ही पहिली युनियन.

तोवर मायक्रोसॉफ्टनं अॅक्टिव्हिजन 68.7 अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं होतं आणि सरकारी मंजुरी बाकी होती. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टनं संघटनेशी करार केला, की कर्मचारी युनियन करत असतील तर आम्ही आड येणार नाही. संघटनेनंही खरेदीला केलेला विरोध मागे घेतला. हा व्यवहारच होता, पण त्यानं दार उघडलं. जानेवारी 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच झेनिमॅक्स कंपनीचे सुमारे 300 टेस्टर संघटित झाले; 2024 मध्ये बेथेस्डा स्टुडिओचे 241 कर्मचारी आले, आणि त्यांत प्रोग्रॅमर, चित्रकारही होते. सर्वांत तळाच्या माणसांनी पाडलेल्या वाटेनं वरचे आले, हे लक्षात ठेवायला हवं.

रेव्हनचा प्रत्यक्ष करार मात्र 2025 उजाडल्यावर झाला: दोन वर्षांत 10 टक्के पगारवाढ आणि सक्तीच्या जादा कामावर मर्यादा. मधल्या काळात, जानेवारी 2024 मध्ये, मायक्रोसॉफ्टनं गेमिंग विभागातल्या 1,900 नोकऱ्या कापल्या.

शिवाय असे करार त्या-त्या युनिटपुरतेच असतात. युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचे फ्रान्समधले कर्मचारी फेब्रुवारी 2024 मध्ये पगारासाठी संपावर गेले. याच कंपनीचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'च्या नव्या आवृत्तीचं काम त्यांच्याकडे होतं आणि 2022 मध्ये ते माँट्रियलला हलवलं गेलं. काम असं एका देशातून दुसऱ्या देशात सहज जातं, कामगारांचे हक्क त्याच्याबरोबर जात नाहीत. एका ठिकाणी नाकारलेले जादा तास दुसरीकडच्या टेस्टरच्या पाळीत टाकता येतात, आणि त्यावर बोट ठेवू शकेल अशी देशोदेशींच्या गेम कामगारांची एकत्र वाटाघाट अजून कुठल्याही कंपनीच्या टेबलावर आलेली नाही.