पतंग गोता का खातो?

जानेवारी महिना सुरू झाला, की अकोल्याचे आकाश रंगीबेरंगी दिसू लागते. संक्रांत जवळ आलेली असते. सकाळची थंडी ओसरली, की जठारपेठेतील मुले पतंग आणि चक्री घेऊन बाहेर पडतात. वर लाल, हिरवे, पिवळे पतंग डौलाने फिरत असतात. खाली मात्र एखादा मुलगा रडवेला होऊन उभा असतो. त्याचा पतंग आज तिसऱ्यांदा फाटलेला असतो. पतंग थोडा वर जातो, डुलतो, अचानक डोके खाली करतो आणि सरळ जमिनीवर आदळतो. मुलगा थोरल्या भावाला म्हणतो, "भाईजान, मी तर चांगला जोराने ओढत होतो!"

भाऊ हसतो आणि म्हणतो, "अरे, म्हणूनच तो पडला!"

भावाचे म्हणणे विचित्र वाटते ना? पण ते अगदी खरे आहे. ते समजून घेण्यासाठी आधी पतंगाची रचना पाहू.

आपला नेहमीचा पतंग पातळ कागदाचा आणि बांबूच्या दोन काड्यांचा असतो. एक काडी उभी आणि सरळ असते. दुसरी काडी आडवी आणि वाकवलेली असते. तिला कमान म्हणतात. उभ्या काडीजवळ वर दोन आणि खाली दोन छिद्रे पाडतात आणि त्यांतून दोरा ओवून बांधतात. या बांधणीला कन्नी म्हणतात. कन्नीच्या गाठीलाच पुढे मांजा जोडतात.

आता कमानीकडे लक्ष द्या. तुम्ही दोरा ओढता, तेव्हा वारा पतंगावर जोराने दाबतो. कमानीची दोन्ही टोके थोडी मागे वाकतात. पतंगाचा आकार होडीच्या तळासारखा होतो. वारा दोन्ही बाजूंनी सारखा निसटतो आणि पतंग स्थिर होतो. त्याचे डोके ज्या दिशेला असेल, त्या दिशेला तो सरळ धावतो. तुम्ही दोरा सैल सोडता, म्हणजे ढील देता, तेव्हा कमानीवरचा दाब कमी होतो. पतंग पुन्हा सपाट होतो. सपाट पतंग वाऱ्यात स्थिर राहत नाही. तो जागच्या जागी गिरकी घेऊ लागतो.

म्हणजे नियम सोपा आहे. ओढले, की पतंग सरळ जातो. ढील दिली, की पतंग वळतो.

आता त्या मुलाची चूक कळेल. पतंगाचे डोके खाली झाले होते. घाबरून त्याने दोरा ओढला. पतंगाने जणू हुकूम पाळला आणि डोके होते त्याच दिशेला, म्हणजे जमिनीकडे, तो वेगाने धावला! अशा वेळी मन घट्ट करून ढील द्यावी. पतंग गिरकी घेतो. त्याचे डोके वर आले, की लगेच ओढावे. मग तो वर झेपावतो. डोके उजवीकडे असताना ओढले, तर उजवीकडे जातो. डावीकडे असताना ओढले, तर डावीकडे जातो. म्हणून पतंग उडवणाऱ्याचे डोळे सतत पतंगाच्या डोक्यावर असावेत.

हे शिकायचे कसे? प्रथम मोकळे मैदान शोधा. घरांच्या दाटीत वारा भिंतींना अडतो, वळतो आणि भोवरे तयार करतो. त्या भोवऱ्यांत चांगला पतंगही गोता खातो. जमिनीजवळ वारा मंद असतो आणि वर गेल्यावर तो जोरदार होतो. झाडांची पाने हलत असतील, पण फांद्या जोराने डोलत नसतील, तर तो वारा शिकणाऱ्यासाठी चांगला समजावा.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. मित्राला पतंग घेऊन वीस-पंचवीस पावले समोर उभे करा. पतंगाचे डोके वर असावे. वाऱ्याची झुळूक आली, की मित्राने पतंग नुसता सोडावा, फेकू नये. त्याच क्षणी तुम्ही हातावर हात घेत दोरा ओढा. पतंग घरांच्या आणि झाडांच्या वर जाईपर्यंत कोणतीही करामत करू नका. पतंग जमिनीजवळ असताना चूक झाली, तर ती सुधारायला वेळच मिळत नाही. उंचावर मात्र वेळ मिळतो.

पतंग उंच गेल्यावर सराव सुरू करा. थोडी ढील द्या. पतंग वळू लागेल. डोके उजवीकडे येताच ओढा. पुन्हा ढील द्या आणि डोके डावीकडे येताच ओढा. आठ-दहा वेळा असे केले, की हाताला सवय होते. पतंग आता आदळणारच असे दिसले, तर ओढू नका. दोरा सोडून द्या किंवा पतंगाच्या दिशेने चार पावले पुढे जा. दोरा सैल झाला, की पतंगाचा वेग कमी होतो आणि कागद वाचतो.

कधी कधी दोष हाताचा नसून पतंगाचा असतो. पतंग सारखा एकाच बाजूला झुकत असेल, तर दुसऱ्या बाजूच्या कमानीच्या टोकाला दोऱ्याचा किंवा कागदाचा छोटा तुकडा बांधा. दोन्ही बाजूंचे वजन सारखे झाले, की पतंग सरळ उडतो. कन्नीही तपासा. सामान्यपणे तिचा खालचा दोरा वरच्या दोऱ्याहून किंचित लांब ठेवतात. खालचा दोरा आखूड झाला, तर पतंग वाऱ्यासमोर भिंतीसारखा उभा राहतो. हाताला ओढ खूप लागते, पण पतंग वर चढत नाही.

परदेशांत दोन दोऱ्यांचे कसरती पतंगही उडवतात. इंग्लंडमधील पीटर पॉवेल यांनी 1972 साली असा पतंग तयार केला आणि तो फार लोकप्रिय झाला. त्याचा उजवा दोरा ओढला, की तो उजवीकडे वळतो आणि डावा ओढला, की डावीकडे. तेथेही नवशिक्या मुलाची चूक हीच असते. पतंग खाली येऊ लागला, की तो दोन्ही दोरे एकदम ओढतो. खरे तर एकच दोरा ओढून पतंगाचे डोके आधी वर वळवायला हवे.

पतंगाच्या दोऱ्यांनी माणसाला मोठे धडेही दिले आहेत. अमेरिकेतील राइट बंधूंना विमान बनवायचे होते. हवेत ते वळवायचे कसे, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. 1899 साली त्यांनी दोन पंखांचा मोठा पतंग बनवला. त्याला चार दोरे होते. दोरे ओढून ते पतंगाचे पंख पिळत आणि पतंग कसा कलतो ते पाहत. पुढे 17 डिसेंबर 1903 रोजी त्यांचे विमान उडाले.

पतंगाच्या खेळातील कितीतरी शब्द उर्दूतही आहेत. पतंग, पेच, ढील, कमान आणि गोता हे शब्द दोन्ही भाषांत चालतात. मराठीतील मांजा तो उर्दूतील मांझा. मराठीतील दोरा तो उर्दूतील डोर.

शेवटी काही गोष्टी मनात पक्क्या ठेवा. शिकताना साधा सुती दोरा वापरा. नायलॉनचा मांजा सहज तुटत नाही. त्याने पक्ष्यांचे पंख कापतात आणि दुचाकीवरून जाणाऱ्या माणसांचे गळे चिरतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै 2017 मध्ये अशा मांज्यावर देशभर बंदी घातली आहे. विजेच्या तारांजवळ पतंग उडवू नका. तारेत अडकलेला पतंग काठीने किंवा सळईने काढू नका. कठडा नसलेल्या गच्चीवर तर मुळीच जाऊ नका. पतंग उडवणारा वर पाहत मागे सरकतो आणि त्याच्या मागे काय आहे, ते त्याला दिसत नाही. पतंग फाटला, तर दुसरा काही रुपयांत मिळतो. जीव मात्र पुन्हा मिळत नाही.

तेव्हा या संक्रांतीला मैदानावर जा. पतंगाने डोके खाली केले, तर घाबरू नका. थोडी ढील द्या, डोके वर येण्याची वाट पाहा आणि मगच ओढा.