घाबरलेल्या पिल्लाचा फोटो

शृंगी घुबडाच्या पिल्लाचा एक फोटो दर हिवाळ्याच्या अखेरीस मोबाइलवर फिरायला लागतो. पिल्लू दरवेळी वेगळं असतं, पोझ मात्र तीच. दोन्ही पंख पसरून वर उचललेले, अंगावरची पिसं फुललेली, नारिंगी डोळे थेट आपल्यावर रोखलेले. खाली ‘काय ॲटिट्यूड आहे!’ अशी दाद. सासवडला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न-बारशांच्या ऑर्डरींतून मोकळा झालो की मी कऱ्हेच्या खोऱ्यात पक्ष्यांचे फोटो काढत फिरतो. ही दाद वाचून मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या फोटोत रुबाब नसतो, भीती असते. उडता येत नाही आणि पळून सुटका नाही, अशा वेळी पिल्लू आहे त्यापेक्षा मोठं दिसायचा प्रयत्न करतं आणि चोच आपटून टकटक आवाज काढतं. अंगावर चालून आलेल्या शत्रूपुढे ते हेच करतं. कॅमेरा घेऊन जवळ गेलेला माणूस त्याच्या लेखी शत्रूच असतो.

आमच्या पुरंदरच्या उघड्याबोडक्या माळांवर, ओढ्यांच्या काठी आणि बंद पडलेल्या दगडखाणींत हे घुबड चांगलं टिकून आहे. पिंगोरीत काम करणाऱ्या इला फाउंडेशनने त्याचा अभ्यास केला आहे, आणि २०१८ साली तिथेच घुबड महोत्सवही भरवला. शृंगी घुबड झाडावर घरटं बांधत नाही. दरडीतली एखादी कपार, खाणीतला कट्टा किंवा झुडपाच्या आडोशाची मोकळी जमीन त्याला पुरते. काडी-कचरा न आणता मादी मातीतल्या उथळ खळग्यात साधारण तीन-चार अंडी घालते आणि सुमारे ३३ दिवस ती उबवते. सगळी अंडी एकदम फुटत नाहीत, म्हणून एकाच घरट्यातलं एक पिल्लू चांगलं थोराड आणि दुसरं अगदी लहान दिसतं. सुरुवातीची पांढरी लव जाऊन हळूहळू ठिपक्यांची मातकट पिसं येतात.

माणसांची आणि पिल्लांची गाठ पडते ती यानंतर. पंखांत बळ येण्याआधीच पिल्लं चालत घरट्याबाहेर पडतात आणि दगडाआड, बोरीच्या जाळीत एकेकटी बसून राहतात. गुरं घेऊन गेलेल्या मुलाला किंवा ज्वारी काढणाऱ्या बायांना असं एकटं पिल्लू दिसलं, की ‘आई टाकून गेली’ असं वाटतं. आई गेलेली नसते. ती समोरच्या काठावरच्या झाडात नाहीतर दरडीत बसून पाहत असते. पुढे जवळजवळ सहा महिने पिल्लं आईबापांवरच अवलंबून असतात. खाणीशेजारी रान असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला वाटेतच अडवलं होतं. “अहो फोटोवाले, तिकडनं नका जाऊ. बाळंतीण बसलीय तिथं.” त्या घुबडाच्या जोडीने आपल्या शेतातले उंदीर किती कमी केले, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनीच दाखवलेल्या बाभळीखाली बसून मी खाणीपलीकडचं पिल्लू पाहिलं. आधी त्याने माझ्याकडे तोंड करून मान वर-खाली, डावी-उजवीकडे हलवली. मोबाइलवरच्या व्हिडिओंत यालाच ‘घुबडाचा नाच’ म्हणतात. घुबडाचे डोळे खोबणीत पक्के बसलेले असतात, ते आपल्यासारखे फिरत नाहीत. म्हणून पिल्लू डोकं हलवून वेगवेगळ्या कोनांतून पाहतं आणि समोरची वस्तू किती लांब आहे, याचा अंदाज घेतं. मी हललो नाही. थोड्या वेळाने त्याची पिसं सैल झाली. त्याने एक पंख आणि त्याच बाजूचा पाय लांब ताणला. मग मान पुढे काढली, दोन-तीनदा आवंढा गिळल्यासारखं केलं आणि चोचीतून करड्या रंगाची एक गोळी खाली टाकली. खाल्लेल्या उंदरांची न पचलेली हाडं आणि केस अशा गोळीतून बाहेर पडतात. खालच्या पापण्या हळूहळू वर आल्या आणि ते झोपी गेलं. माझ्या स्टुडिओच्या भिंतीवर त्या झोपेचा फोटो आहे. बघणारे आधी विचारतात, याचे डोळे का मिटलेत? मी सांगतो, मी तिथे असूनही त्याला झोप लागली, म्हणून हा फोटो चांगला आहे.

यासाठी फार जवळ जावं लागत नाही. हिशेब साधा आहे. ५०० मिलिमीटरची लेन्स आणि लहान सेन्सरचा कॅमेरा घेतला, तर ३० मीटरवरून चौकटीत जेमतेम सव्वा ते दीड मीटर रुंदीची जागा मावते. फूटभर उंचीचं पिल्लू चौकटीच्या उंचीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग व्यापतं. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून ते पिल्लू कापून घेतलं, तरी मासिकात चार इंच उंच आणि स्वच्छ छापता येतं. म्हणजे पाच मीटरवर जाण्याची हौस छपाईच्या कामाची नाही, पिल्लाच्या तर मुळीच नाही.

बाकीची काळजी हाताच्या सवयीची आहे. शटरचा आवाज, फोकसचा बीप आणि फोकसला मदत करणारा लाल दिवा बंद करून मगच जागेवर जावं. फिकट लव उन्हात पटकन जळते, तेव्हा एक्स्पोजर थोडं उणे ठेवावं. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नये. मादी अंड्यांवर किंवा अगदी लहान पिल्लांवर बसली असेल, तर तिला उठवणं सर्वांत वाईट. उघडी पडलेली अंडी आणि पिल्लं फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात भाजतात, आणि दिवसा उडालेल्या घुबडामागे कावळे लागून कल्ला करतात, तो वेगळाच. पिल्लाने पंख फुलवले, चोच वाजवली किंवा आईबापांपैकी कोणी पंख मोडल्यासारखं जमिनीवर फडफडू लागलं, तर लेन्सला झाकण लावून आल्या वाटेने परत फिरावं.

फोटो काढून झाला तरी जबाबदारी संपत नाही. मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद लपलेली असते, आणि मागे दिसणारा टॉवर किंवा देवळाचा कळसही पत्ता सांगतो. ‘ट्रॅफिक इंडिया’ या संस्थेने २०१० साली देशातल्या घुबडांच्या चोरट्या व्यापारावर अहवाल प्रसिद्ध केला. जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात आणि दिवाळीच्या सुमारास मागणी वाढते, हे त्यात मांडलं आहे. जमिनीवरचं घरटं गाठायला शिडीसुद्धा लागत नाही. म्हणून गावाचं नाव टाकू नये, ‘लोकेशन सांगा ना’ म्हणणाऱ्या मित्रालाही नम्रपणे नकार द्यावा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. गोळी झाडली तरच शिकार, असं कायदा मानत नाही. हे प्रत्येक कॅमेरावाल्याला ठाऊक हवं.

जमिनीवर पिल्लू दिसलं तर ते उचलून घरी नेऊ नका. कुत्री बांधा, मुलांना लांब करा आणि तिथून निघून जा. जखमी दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तालुक्या-तालुक्यात छायाचित्र स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की घरट्यातल्या आणि घाबरलेल्या पिल्लांचे फोटो स्वीकारू नका. आणि तुम्ही वाचकांनी एवढं करा: पुढच्या वेळी असा फोटो आला की आधी पिसं, पंख, चोच पाहा. पिल्लू घाबरलेलं दिसलं, तर लाइकचा अंगठा देऊ नका. फोटो पाठवणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा.