प्रेरक व्याख्याता व्हायचंय? सुरुवात गावातूनच करा

मराठवाड्याला व्याख्यान नवं नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर (1932–1982) इंटरच्या परीक्षेत अनेकदा नापास झाले होते. तरीही अफाट वाचनाच्या बळावर ते महाराष्ट्रातले नामवंत वक्ते झाले. नवोदितांनी त्यांच्याकडून पहिला धडा घ्यावा तो हाच: आधी वाचन, मग वाणी.

संधी जवळच असतात. 12 जानेवारीची जिजाऊ जयंती, 19 फेब्रुवारीची शिवजयंती, 14 एप्रिलची आंबेडकर जयंती, 17 सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, गणेशोत्सव आणि शाळांची स्नेहसंमेलनं या निमित्तांनी गावोगाव वक्ते लागतात. सुरुवातीची भाषणं बहुधा विनामानधन करावी लागतात. त्यांचं रेकॉर्डिंग ठेवा, कारण पुढचं निमंत्रण त्यावरूनच येतं. नाव झालं की मानधन आणि प्रवासखर्च आधीच स्पष्ट ठरवून घ्या.

विषय एकच निवडा आणि तो स्वतः जगलेला असू द्या. शेती, स्पर्धा परीक्षा, बचत गट, व्यसनमुक्ती, काहीही चालेल. चाळीस मिनिटांत तीन मुद्दे पुरेत आणि प्रत्येकाला एक खरा प्रसंग हवा. भाषा आपल्या मातीतलीच ठेवा.

लातूरमध्ये ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी दूरदूरची मुलं येतात. त्यांच्यापुढे बोलताना ‘इच्छा असेल तर निवड होतेच’ असं आश्वासन देऊ नका. जागा मोजक्याच असतात. खचलेलं मूल दिसलं, तर भाषण थांबवून त्याचं ऐका आणि पालकांच्या मदतीने त्याला समुपदेशकाकडे न्या. टाळ्यांपेक्षा ते मूल मोलाचं आहे.