उरलेल्या विरजणाचे करायचे काय?

वाचकहो, दह्याचे विरजण आपल्याकडे घरोघर असते. एखादे दिवशी कुणाचे संपले, तर शेजारची मुलगी वाटी घेऊन दारात उभी राहते आणि म्हणते, “काकू, थोडं विरजण देता?” त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. आज मला सांगायचे आहे ते दुसऱ्या एका विरजणाविषयी. ते दुधाचे नव्हे, गव्हाच्या पिठाचे. पीठ आणि पाणी सारखे घेऊन बरणीत ठेवायचे, रोज त्याला ताजे पीठ-पाणी द्यायचे. आठ-पंधरा दिवसांत ते नेमाने फसफसू लागते आणि पाव फुगवण्याजोगे होते. अशा पावाला इंग्रजीत ‘सावरडो’ म्हणतात. सावरडो म्हणजे आंबट झालेले मळलेले पीठ, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

हा पाव शहरातला, आम्हांला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. पण 2020 सालच्या टाळेबंदीत पुष्कळ घरी ही बरणी येऊन बसली, तशी ती आमच्याही घरी आली. तिच्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात जो वाद उभा राहिला, तो आपल्यापैकी कुणाच्याही घरी उभा राहील असा होता. म्हणून तोच आधी सांगतो.

पुण्याला नोकरी करणारी माझी पुतणी तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. तिने काचेच्या बरणीत हे विरजण धरले. रोज सकाळी ती बरणीतले दोन भाग काढून टाकी, एक भाग ठेवी आणि त्यात नवे पीठ-पाणी घाली. माझी आई हे चार दिवस मुकाट्याने पाहत होती. तिचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला, हयात आंबोळ्या घालण्यात गेलेली. पाचव्या दिवशी तिला राहवले नाही.

“अगो, रोज वाटीभर पीठ मोरीत ओततेस. अन्न टाकायची आपल्या घरात रीत नाही हो.”

“आजी, टाकावंच लागतं. नाही तर ते वाढतच जातं.”

वाचकहो, खरे दोघींचेही होते. त्याचा हिशेब मांडून पाहा. गणिताच्या शिक्षकांना तो वर्गात घेता येईल. समजा, बरणीत 50 ग्रॅम विरजण आहे. त्याला 50 ग्रॅम पीठ आणि 50 ग्रॅम पाणी दिले की झाले 150 ग्रॅम. काहीच टाकले नाही, तर दुसऱ्या दिवशी त्या 150 ग्रॅमला त्याच प्रमाणात पीठ-पाणी द्यावे लागते आणि ते 450 होते. तिसऱ्या दिवशी 1350. रोज तिप्पट या हिशेबाने सातव्या दिवशी 109 किलोंच्या वर जाते! घरात ठेवायला हंडे पुरायचे नाहीत. म्हणून टाकणे भागच. पण रोज टाकले तर काय होते? दररोज जे 100 ग्रॅम मोरीत जाते, त्यात 50 ग्रॅम पीठ असते. वर्षाला ते सव्वाअठरा किलो होते. ज्या घरात धान्य मोजून आणतात, त्या घरात हा आकडा लहान नव्हे.

आईने मग आपल्या परीने उपाय केला. पुतणीने काढून ठेवलेले विरजण तिने घेतले, त्यात मीठ घातले, बिडाचा तवा तापवला, कांद्याच्या चकतीने तेल फिरवले आणि आंबोळी घालतात तसे ते पीठ तव्यावर घातले. पण आंबोळीला जाळी पडलीच नाही. चपटी, चिवट आणि इतकी आंबट की नातवंडांनी पहिला घास तोंडात तसाच धरून ठेवला. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच झाले, तेव्हा ती हळूच म्हणाली, “माझा हात गेला वाटतं आता.” पन्नास वर्षे आंबोळ्या घालणाऱ्या बाईच्या तोंडचे हे वाक्य माझ्या जिव्हारी लागले. मी इतिहास शिकवतो. पण महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याला फोन करून मी हे कोडे उलगडून घेतले. आईचा हात कुठेही गेला नव्हता. तिच्या हातात जे पीठ आले होते, त्याची जात वेगळी होती आणि त्याची वेळही टळून गेलेली होती.

ते कसे, ते पाहू. पीठ आंबते ते सूक्ष्मजीवांमुळे. दूध आंबण्यामागे असे सजीव असतात, हे फ्रान्समधील शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी 1857 साली मांडले. पिठाच्या विरजणात त्यांचे दोन वर्ग नांदत असतात. एक यीस्टचा. हे पिठातली साखर खाऊन कार्बन डाय-ऑक्साइड वायू सोडतात आणि त्या वायूने पाव फुगतो. दुसरा वर्ग दह्यातल्या जिवाणूंच्या गोतावळ्यातला. हे आम्ल तयार करतात आणि पिठाला आंबटपणा आणतात. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराचा आंबट पाव प्रसिद्ध आहे. तिथल्या विरजणात सापडलेल्या एका जिवाणूला 1971 साली त्या शहराचेच नाव मिळाले.

आता आपल्या इडली-आंबोळीच्या पिठाकडे वळू. त्यात तांदूळ आणि उडीद. इडलीच्या पिठावर अमेरिकेत झालेला एक अभ्यास 1965 साली प्रसिद्ध झाला. आंबटपणा आणणे आणि पीठ फुगवणे ही दोन्ही कामे त्यात मुख्यतः एकच जिवाणू करतो, असे त्यात दिसून आले. उडदाचा बुळबुळीतपणा त्या वायूचे बुडबुडे धरून ठेवतो. आणि आपण आंबोळी घालतो ती नेमकी पीठ वर आल्यावेळी, म्हणजे वायू भरपूर असताना.

बरणीतून काढून टाकलेल्या विरजणाचे तसे नसते. ते वर येऊन खाली बसलेले असते. यीस्टचे खाणे बहुतेक संपलेले, वायू निघून गेलेला. गव्हातला जो चिकट भाग वायू धरून ठेवतो, तोही आम्लाने सैल पडलेला. राहतो तो नुसता आंबटपणा. म्हणून ते तसेच तव्यावर घातले की चपटे आणि चिवट होते.

पण वाचकहो, सगळी मेख याच आंबटपणात आहे. दमलेले विरजण स्वतः फुगवू शकत नाही, त्याचा आंबटपणा मात्र फुगवू शकतो. त्याला जोड लागते ती चिमूटभर खायच्या सोड्याची. आम्ल आणि सोडा भेटले की त्याच क्षणी कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो. रात्रभराचे काम मिनिटात होते. शिवाय सोड्यामुळे आम्ल मारले जाते आणि नको तेवढी आंबट चव निघून जाते. म्हणजे एका सोड्याने दोन्ही दोष जातात.

ही युक्ती नवी नाही. कॅनडाच्या वायव्य टोकाला क्लोंडाइक नावाचा मुलूख आहे. 1896 च्या ऑगस्टमध्ये तिथे सोने सापडले आणि पुढच्या दोन वर्षांत हजारो माणसे बर्फातून तिकडे धावली. वर्षभराची शिधासामग्री बरोबर असल्याशिवाय पोलीस हद्दीत शिरू देत नसत. त्या वेळी छापलेल्या सामानाच्या याद्यांत माणशी चारशे पौंड, म्हणजे सुमारे 180 किलो पीठ असे. आणि सोडाही असे. अशा थंडीत विरजण गोठून मरू नये म्हणून लोक ते अंगाशी धरून निजत, असे सांगतात. रात्री त्यात पीठ-पाणी कालवायचे आणि सकाळी सोडा घालून जाड धिरडी काढायची, हा त्यांचा नाश्ता. तिकडचा हिवाळा ज्याने काढला, अशा जुन्या माणसाला ‘सावरडो’ हेच नाव पडले. त्या धिरड्यांना इंग्रजीत पॅनकेक म्हणतात. आपल्या घावनासारखेच, पण तळहाताएवढे, जाड आणि मऊ.

आता कृती सांगतो. घरातली कुठलीही एक वाटी घ्यावी आणि सगळे मोजमाप तिनेच करावे. उरलेले विरजण एक वाटी, कणीक किंवा मैदा एक वाटी, दूध पाऊण वाटी, एक अंडे, साखर किंवा किसलेला गूळ दोन चमचे, पातळ केलेले लोणी किंवा तेल दोन चमचे, मीठ चवीपुरते, आणि खायचा सोडा अर्धा लहान चमचा, तोही सपाट. कणीक मैद्यापेक्षा अधिक ओल पिते, म्हणून ती घेतल्यास दूध थोडे वाढवावे. अंडे चालत नसेल तर त्याऐवजी दोन-तीन चमचे दही आणि थोडे जास्त दूध घालावे. फुगवटा जरा कमी येतो, पण पदार्थ चांगला होतो.

आधी विरजण, दूध, अंडे, गूळ आणि लोणी एकत्र फेटून घ्यावे. मग पीठ आणि मीठ घालून ढवळावे. इथे आपला हात आवरावा लागतो. आंबोळीचे पीठ आपण चांगले फेसतो, पण गव्हाचे पीठ फार घोटले की त्याला चिवटपणा येतो. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्याव्यात. पीठ भज्यांच्या पिठाइतके दाट असावे. चमच्यावरून सावकाश पडले पाहिजे. दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि तवा तापत ठेवावा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचू लागला की तवा तयार झाला.

मग सर्वांत शेवटी सोडा. तो चमचाभर पाण्यात विरघळवून पिठात घालावा, चार वेळा हलक्या हाताने फिरवावे आणि लगेच घालायला सुरुवात करावी. पीठ डोळ्यांदेखत वर येते. सोडा घालून गप्पा मारत बसलात, तर वायू निघून जाईल आणि पुन्हा चपटेपणा पदरी येईल. तव्यावर तेलाचा हात फिरवून डावभर पीठ घालावे आणि ते पसरू नये. आच मध्यम ठेवावी. वर बुडबुडे येऊन फुटू लागले आणि कडा कोरड्या दिसू लागल्या की एकदाच उलटावे. उलथन्याने दाबू नये. दाबल्याने आत साठलेली हवा आपणच घालवून बसतो.

खाऊन पाहिल्यावर चूक आपली आपल्याला कळते. साबणासारखी चव लागली किंवा पिवळे ठिपके दिसले, तर सोडा जास्त झाला. फार आंबट लागले, तर कमी पडला. दर घरचे विरजण कमी-अधिक आंबट असते, तेव्हा एक-दोनदा करून आपले प्रमाण आपणच ठरवावे.

काही गोष्टींची काळजी मात्र घ्यायलाच हवी. विरजणावर करडे पाणी आले तर घाबरू नये. ते ढवळून घ्यावे किंवा ओतून टाकावे. पण गुलाबी किंवा नारिंगी छटा दिसली, केसाळ बुरशी आली किंवा घाण वास सुटला, तर सगळी बरणी टाकून द्यावी. वरवर खरवडून उरलेले वापरू नये. अन्न टाकू नये हे खरे, पण बिघडलेले अन्न पोटात घालू नये हेही तितकेच खरे. काढलेले विरजण शीतकपाटात झाकून आठवडाभर साठवता येते. शीतकपाट नसेल तर उन्हाळ्यात ते त्याच दिवशी वापरावे. दूध-अंडे घातलेले पीठ उरवून ठेवू नये. आणि कच्चे पीठ चाखू नये.

शिक्षकबंधू आणि भगिनींनो, हा प्रयोग वर्गातही करता येतो. दोन काचेचे पेले घ्या. एकात नुसते ताजे पीठ-पाणी, दुसऱ्यात तेवढेच आंबट विरजण. दोन्हींत सारखा सोडा घालून ढवळा. पहिल्यात फारसे काही होत नाही, दुसरे फसफसून वर चढते. विरजण नसेल तर आंबट ताक घ्या. आम्ल म्हणजे काय, हे मुलांना पुन्हा सांगावे लागणार नाही.

फोनवर मिळालेली ही माहिती मी घरी सांगितली, तेव्हा पुतणीने माप धरले आणि आईने तवा. पहिलाच पॅनकेक बोटभर जाड झाला. आईने तो मोडून आतली जाळी निरखून पाहिली आणि म्हणाली, “पडली हो जाळी.” त्यानंतर मोरीकडे जाणारी ती वाटी बंद झाली.

पुतणी पुण्याला परत जाताना थोडे विरजण आईसाठी ठेवून गेली. पुढे शेजारच्या दोन घरांनी ते आमच्याकडून वाटी घेऊन येऊन नेले. आपल्या मुलीने किंवा सुनेने अशी बरणी घरी आणली आणि त्यातले पीठ टाकायला निघाली, तर तिला थांबवा. रागावू नका. तिचे टाकणेही अडचणीतूनच आलेले असते. फक्त एवढे विचारा, “घरात सोडा आहे का गं?”