फिरत्या घराची मैलाटाकी

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग महाड आणि पोलादपूर या दोन्ही गावांवरून जातो. महाडहून एक रस्ता रायगडाच्या पायथ्याशी पाचाडास जातो. पोलादपुरास आंबेनळी घाटाची वाट फुटते व ती प्रतापगडाजवळून महाबळेश्वरास चढते. मुख्य मार्ग कशेडी ओलांडून खेडकडे उतरतो. गडाची यात्रा, उमरठ येथील तानाजी मालुसरे यांचे स्मारक, गणपतीसाठी गावी येणारे चाकरमानी यांमुळे या टापूतून वर्षभर प्रवाशांची रहदारी असते. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे व २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कॅरॅव्हॅन किंवा मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. तिच्यात निजावयाची जागा, चूल, मोरी आणि संडास असतो. ज्या शेतकरी बंधूंनी आपल्या आवारात पाहुण्यांची सोय केली आहे अथवा करण्याचे मनात आहे, त्यांच्या अंगणात अशी गाडी आज ना उद्या उभी राहील. पाहुणा पाणी मागेल, वीज मागेल. ते देणे सोपे आहे. जाताना तो तिसरी गोष्ट विचारील : गाडीतील मैला कोठे रिकामा करू?

या प्रश्नास "तिकडे ओढ्यात सोडा" असे उत्तर मिळाले तर त्या ओढ्याखालील वाडीच्या विहिरीचे काय होईल हे ग्रामसेवकांना सांगावयास नको. पावसाळ्याच्या तोंडी कावीळ आणि हगवण कोणत्या वाटेने घरात शिरतात हे त्यांनी पाहिलेले असते.

गाडीत काय असते

चाकांवरच्या घरात सांडपाण्याच्या टाक्या साधारणतः दोन. मोरीचे व भांडी घासल्याचे पाणी एकीत जाते, संडासाचा मैला दुसरीत. लहान गाडीत दुसऱ्या टाकीऐवजी सुमारे वीस लिटरची पेटी असते. ती हाताने ओढून काढता येते. मोठ्या गाडीत शंभर-सव्वाशे लिटरची टाकी तळाखाली पक्की बसविलेली असते. तिला छपरापर्यंत वायुनलिका आणि खाली सरकती झडप असते. झडपेला जाड नळी जोडावी, झडप ओढावी, मैला उताराने वाहून जाईल, अशी तिची मूळ रचना आहे.

अडचण अशी की टाकी दिसत नाही. ती किती भरली हे प्रवाशास कळले नाही, तर तो एकतर फार लवकर रिकामी करावयास धावतो, नाहीतर फार उशिरा. आणि उशीर झाला की मैला संडासाच्या तोंडाशी येतो. यासाठी पातळी सांगणारी साधने निघाली. सर्वांत जुनी युक्ती म्हणजे टाकीच्या भिंतीत पाव, अर्ध्या, पाऊण व पूर्ण उंचीवर धातूच्या खुंट्या बसविणे. पाणी ज्या खुंटीपर्यंत चढेल तिच्यातून अगदी क्षीण विद्युतप्रवाह वाहतो आणि आत दिवा लागतो. स्वच्छ पाण्याच्या टाकीत ही युक्ती चांगली चालते. मैल्यात मात्र कागद व चरबी खुंट्यांना चिकटून त्यांच्यामध्ये ओला पूल तयार होतो, आणि टाकी रिकामी असतानाही दिवा "भरली" असे सांगत राहतो. अशा गाड्या वापरणाऱ्यांची ही जगभरची तक्रार आहे.

म्हणून पुढील साधने मैल्याला न शिवणारी निघाली. एक पट्टी टाकीच्या बाहेरून चिकटविली जाते व प्लास्टिकच्या भिंतीपलीकडे द्रव आहे की हवा हे ती विद्युतधारितेवरून ओळखते. दुसरे साधन टाकीच्या माथ्यावरून ऐकू न येणारा ध्वनी खाली सोडते आणि तो परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून पातळीचे अंतर मोजते. मात्र फेस किंवा बाष्पाचे थेंब आले की ते फसते. तिसरे तळाशी दाब मोजते : पाण्याचा दहा सेंटिमीटर उंचीचा स्तंभ सुमारे एक किलोपास्कल दाब देतो, तेव्हा दाबावरून उंची निघते. या साधनांचे आकडे एक छोटे संगणकयंत्र दर काही सेकंदांनी घेते, पुष्कळ आकड्यांची सरासरी काढते आणि टाकी पाऊण भरताच घंटा वाजविते किंवा चालकाच्या मोबाइलवर निरोप पाठविते.

सरासरी का लागते हे घाटातून गेल्याशिवाय कळत नाही. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद व पंचवीस सेंटिमीटर उंच अशी टाकी धरा. तिच्यात सव्वाशे लिटर मावतात. गाडी वीसास एक अशा चढावर लागली की टाकीच्या दोन टोकांच्या पातळीत पाच सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे उंचीचा पाचवा हिस्सा. आंबेनळी घाट चढताना मागल्या टोकाचे साधन टाकी भरत आल्याचे सांगेल आणि पुढल्या टोकाचे साधन तीच टाकी रिती आहे असे म्हणेल. यास्तव मोजणी सपाट जागी, गाडी थांबल्यावर काही मिनिटांनी घ्यावी. मधल्या आकड्यांकडे यंत्राने लक्ष देऊ नये. भरलेल्या टाकीचे वजन सव्वाशे किलोग्रॅम होते हेही घाटात विसरून चालत नाही.

आपोआप रिकामी होणारी टाकी

मोजणी यंत्राने करावी हे सर्वस्वी इष्ट आहे. झडपही यंत्रानेच उघडावी काय, याविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. बारा व्होल्टच्या मोटारीने सरकणारी झडप मिळते. मैल्याचा चुरा करून तो बारीक नळीतून वर ढकलणारा पंपही मिळतो. कोकणात गाडी खालच्या बांधावर आणि खड्डा वरच्या बांधावर असण्याचा प्रसंग नेहमीचा, तेथे तो फार उपयोगी पडतो. परंतु एखादी तार सैल झाली व चालत्या गाडीची झडप उघडली, तर सारा मैला रस्त्यावर सांडेल. म्हणून स्वयंचलित झडपेपुढे हाताने उघडावयाची दुसरी झडप असलीच पाहिजे. तसेच हातब्रेक लावलेला आहे, नळी जोडलेली आहे आणि पुढचा हौद भरलेला नाही या तीन गोष्टींची खूण मिळाल्याखेरीज मोटार चालू नये, अशी जोडणी करावी.

रिकामे करण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी मैल्याची टाकी, मागून मोरीच्या पाण्याची. म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. मैल्याची झडप मुक्कामभर उघडी ठेवू नये. तशी ठेवली तर पाणी निघून जाते, घट्ट मैला मागे राहतो आणि झडपेपाशी त्याचा ढीग वाळून बसतो; मग कोणताही पंप त्यास हलवू शकत नाही. पाऊण टाकी भरू द्यावी, एकदम सोडावी, आणि नंतर आत आठ-दहा लिटर स्वच्छ पाणी घालून ठेवावे. रिकामे करणे कधी थांबवावे हे घड्याळावर न ठरविता पातळी खरोखर तळाला गेली की नाही यावर ठरवावे. दहा मिनिटे पंप चालला पण पातळी उतरली नाही, तर नळी तुंबली आहे असे समजून यंत्राने स्वतः थांबले पाहिजे.

चालत्या वाहनातील मैल्याचा प्रश्न आपल्या देशात सर्वांत मोठ्या प्रमाणावर रेल्वेने हाताळला. पूर्वी डब्यातील मैला सरळ रुळांवर पडे. संरक्षण संशोधन संस्थेच्या सहकार्याने तयार झालेल्या जैव शौचालयाच्या टाक्या पुढे सर्व प्रवासी डब्यांखाली बसविण्यात आल्या. २०१९-२० पर्यंत त्यांची संख्या अडीच लाखांच्या घरात गेली. महाडकरांच्या वीर स्थानकावरून जाणाऱ्या गाड्यांखालीही त्या दिसतात. हवेविना जगणारे जंतू तेथे मैल्याचे पाणी आणि वायू करतात. या टाक्यांना जंतूंपेक्षा बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्यांनी अधिक त्रास दिला. शेतावरील पाहुण्यासही हे आरंभीच सांगितलेले बरे.

शेतकऱ्याच्या आवारातील सोय

गोठ्याशेजारी गोबरगॅस संयंत्र आहे, तेव्हा मैला त्यातच सोडावा, असा विचार प्रथम मनात येतो. तो चुकीचा नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैल्याच्या सदुपयोगासाठी आयुष्य वेचले, आणि देहू येथे शौचालयास जोडलेली वायुसंयंत्रे उभारणारे डॉ. मापुस्कर यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. परंतु फिरत्या घराच्या मैल्यात एक वेगळी वस्तू असू शकते. दुर्गंधी दडपण्यासाठी काही प्रवासी टाकीत निळे औषध ओततात. त्यात पुष्कळदा फॉर्मल्डिहाइड किंवा तशाच जातीचे जंतुनाशक असते. जे जंतू वायू निर्माण करतात त्यांनाच ते मारते. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे पन्नास किलो शेण व तितकेच पाणी लागते. त्यात एका दमात शंभर लिटर औषधी मैला गेला तर चूल काही दिवस पेटणार नाही. म्हणून पाहुण्यास नळी जोडण्यापूर्वी विचारावे : औषध कोणते घालता? जैविक, जंतुयुक्त औषध असेल तर हरकत नाही. निळ्या औषधाचा मैला संयंत्रात घेऊ नये. तो वेगळ्या हौदात साठवून नगरपालिकेच्या वा परवानाधारक टँकरनेच नेववावा.

औषध नसले तरी मैला थेट संयंत्रात न सोडता आधी हजार लिटरच्या बंद हौदात घ्यावा व तेथून रोज थोडाथोडा सोडावा. हौदास घट्ट झाकण, डासांची जाळी बांधलेली वायुनळी आणि भरल्याची खूण देणारे साधन हवे. त्यासाठी महाग यंत्राची गरज नाही. छपरावरील पाण्याच्या टाकीत मोटार बंद करणारा तरंगता खटका सर्वांच्या परिचयाचा आहे. तोच हौदाच्या पाऊण उंचीवर लटकवून घंटेस जोडावा, म्हणजे हौद भरण्यापूर्वी घरात कळते. तळाशी गाळ किती साचला हे मात्र खटका सांगत नाही. त्यासाठी लांब बांबूस पांढरे फडके गुंडाळून तळापर्यंत सावकाश उतरवावे आणि काढून पाहावे. काळा डाग जेथपर्यंत लागेल तितका गाळ. हौदाचा तिसरा हिस्सा गाळाने भरला की उपसण्याची वेळ झाली. हातमोजे घालावेत, जवळ विडी-काडी पेटवू नये.

शोषखड्ड्याविषयी महाड-पोलादपुरास विशेष काळजी घ्यावी लागते. येथे पाऊस तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. भाताच्या खाचराकाठी श्रावणात पाण्याची पातळी जमिनीलगत येते आणि शोषखड्डा शोषावयाचे सोडून उलट भरतो. जेथे जांभा आहे तेथे त्याच्या भेगांतून पाणी न गाळताच दूर पळते. पिण्याच्या विहिरीपासून पंधरा ते अठरा मीटर अंतर ठेवावे असे सर्वसाधारणपणे सांगतात. जांभ्यावर त्याहून पुष्कळ अधिक ठेवावे व खड्डा विहिरीच्या खालच्या अंगासच घ्यावा. मोरीच्या पाण्याचे तसे नाही. चरबी अडविणारी लहान कुंडी मध्ये ठेवली तर ते केळी-नारळाच्या आळ्यात सुखाने जिरते.

हौद प्लास्टिकचा असेल तर आणखी एक धोका आहे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी यांच्या पुराने महाड शहर बुडाले होते. पाण्याने भरलेल्या जमिनीत पुरलेला हजार लिटरचा रिकामा हौद जवळजवळ हजार किलोच्या जोराने वर उचलला जातो आणि नळ तोडून बाहेर येतो. तेव्हा पुराच्या टापूत हौद काँक्रीटच्या पायास पट्ट्यांनी बांधावा, आणि पावसाळ्यात तो अगदी कोरडा करू नये.

उपसा कोणी करावयाचा

घाटापलीकडे वाई नगरपालिकेने २०१८ च्या सुमारास घराघरांच्या मैलाटाक्या दर तीन वर्षांनी ठरल्याप्रमाणे उपसण्याची पद्धत सुरू केली; नाशिक जिल्ह्यातील सिन्नरनेही तीच वाट धरली. टाकी तुंबण्याची वाट न पाहता गाडी आधीच दारी येते आणि गाळ प्रक्रिया केंद्रात जातो. खेड्यात अशी फेरी नसते, व तेथेच मोह होतो की कोणा गरजू माणसास चार पैसे देऊन हौदात उतरवावे. बंद मैलाटाकीतील हायड्रोजन सल्फाइड वायू दोन श्वासांत शुद्ध हरपवितो. वाचवावयास उतरलेला दुसराही बहुधा वर येत नाही. २०१३ च्या कायद्याने अशा रीतीने माणसास टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे. महाड हे चवदार तळ्याचे गाव आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे पाण्यास हात लावला, तो ज्या माणसांच्या हक्कासाठी, त्यांच्याच वाट्यास पुढेही कित्येक वर्षे दुसऱ्यांचा मैला येत राहिला. मोजणारे साधन, यंत्राची झडप आणि टँकरची नळी यांवर होणारा खर्च या बाजूनेही मोजावा.

नवीन सोय करणाऱ्यांनी हौदाचे खोदकाम फाल्गुन-चैत्रात उरकावे, म्हणजे काँक्रीट पुरेसे मुरते. बांधकामापूर्वी ग्रामपंचायतीस कळवून जवळच्या विहिरींची जागा ग्रामसेवकांकडून नकाशावर दाखवून घ्यावी. तरंगता खटका दर वर्षी मृग निघण्यापूर्वी हाताने वर उचलून घंटा वाजते की नाही ते पाहावे. कोकणच्या दमट हवेत तारेच्या जोडांवर हिरवा गंज चढतो. जोड काकसपट्टीने घासून त्यांवर थोडे ग्रीस लावले की एक पावसाळा निभावतो.