कापायचं ते फायबर, पत्रा नाही!

आबांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी आमच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी असते. दिवाळीच्या सुट्टीत दादाने तिच्यासाठी फायबरचं किट मागवलं. खोक्यातून निघालं काय काय, तर पुढच्या बंपरखाली लावायचा एअर डॅम, डिकीवरचा छोटा स्पॉयलर आणि चाकांवर बसणाऱ्या चार रुंद कमानी, म्हणजे फ्लेअर्स. अशा नटवलेल्या पद्मिनींचे रील्स बघून आम्ही आधीच वेडे झालो होतो. एका दुपारीत काम उरकू, असा आमचा हिशोब.

पहिलाच फ्लेअर चाकावर धरला आणि हिशोब कोलमडला. एक टोक पत्र्याला चिकटलं, तर दुसऱ्या टोकाला बोट जाईल एवढी फट. शिवाय खाली रुंद टायर घालायचे तर मडगार्डची मूळ कड कापावी लागणार होती. दादाने ग्राइंडरला कटिंग व्हील लावलंसुद्धा. आबा गॅलरीतून बघत होते. काही बोलले नाहीत. पण दादाचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी आम्ही आबांच्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी फ्लेअर उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "बाळांनो, कापायचं ते फायबर. पत्रा नाही."

बसत का नाही?

आपण ज्याला नुसतं 'फायबर' म्हणतो, ते असतं काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन. साच्यात आधी जेलकोटचा गुळगुळीत थर मारतात, त्यावर मॅट अंथरून हार्डनर मिसळलेलं रेझिन चोपडतात. सुकलं की भाग तयार. पत्र्याच्या भागाला लागणारा महागडा डाय आणि अजस्र प्रेस इथे लागत नाही, म्हणून कमी संख्येच्या कामाला फायबर परवडतं. 1953 मध्ये अमेरिकेत शेवरोले कॉर्व्हेट फायबरच्या बॉडीसह आली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात बंगळुरूच्या सिपानीने डॉल्फिन ही अख्खी फायबर बॉडीची गाडी विकली.

पण साचा घेतला जातो एखाद्याच गाडीवरून, आणि ती गाडी तुमची नसते. चाळीस वर्षांत आमच्या पद्मिनीने दोनदा ठोकर खाल्ली, एक मडगार्ड ठोकून सरळ केलंय. तिची डावी बाजूसुद्धा उजवीसारखी राहिलेली नाही, मग साच्यातला भाग अचूक बसणार कुठून? त्यामुळे काकांचा पहिला नियम: रंगाआधी सगळे भाग टेपने गाडीवर चिकटवून बघायचे, दहा पावलं मागे जाऊन दोन्ही बाजू ताडायच्या आणि नडेल तिथे फायबर घासायचं. हे करताना मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. काचेची ती बारीक धूळ अंगाला लागली की रात्रभर खाज सुटते. स्वानुभव आहे!

घाई केली की तडे

भोकं पाडायची तर आधी टेप लावून खूण करायची, धारदार बिट घ्यायचं आणि ड्रिल जोरात दाबायचं नाही, नाहीतर जेलकोटचे टवके उडतात. बोल्टखाली मोठा वायसर आणि रबर. आणि बोल्ट जीव खाऊन आवळायचा नाही. पत्रा थोडा दबतो, फायबर मात्र तडकतं आणि भोकाभोवती चांदणीसारख्या रेषा उमटतात. आमच्या स्पॉयलरवर अशी एक चांदणी आहे, माझ्या हातची.

पत्र्यात भोक पाडलंच, तर त्याच्या उघड्या कडेला लगेच प्रायमर लावायचा. फायबर गंजत नाही, पण त्याच्यामागे चिखल आणि पाणी अडकलं की आतला पत्रा गुपचूप सडतो. आपला पावसाळा त्याला एवढी संधी देतोच.

आम्हाला सांधा लांबी भरून एकजीव करायचा होता. काकांनी नाही म्हटलं. उन्हात पत्रा आणि फायबर सारखे फुगत नाहीत, खड्ड्यांत दोघं वेगवेगळे हलतात, मग सांध्यावरच्या लांबीला तडा जातोच. त्यापेक्षा मध्ये रबराचं बीडिंग द्यायचं. रंगाआधी साच्यातून आलेलं मेण धुऊन काढायचं, पॉलिश पेपर मारायचा, मग प्रायमर. एअर डॅमला हवेची वाट ठेवायची, नाहीतर रेडिएटर तापतो. आणि तो स्पीडब्रेकरला घासणार नाही एवढा उंच हवा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणीपुस्तकातले तपशील उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे रुंद टायर आणि कापलेलं मडगार्ड हा नुसता स्टाइलचा प्रश्न नाही. काहीही विकत घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा. आम्ही किट आल्यावर चौकशी केली. हा क्रम चुकला.

दुसरी गोष्ट तर आमच्या डोक्यातच नव्हती. 2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होऊ शकते. तिला 'व्हीए' अक्षरं असलेला नंबर मिळतो. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार नकोत. आबांची पद्मिनी 2036 मध्ये पन्नाशीची होईल. आमचं ग्राइंडर त्या दिवशी फिरलं असतं, तर तो दरवाजा दिवाळीतच बंद झाला असता.

कुर्ल्याच्या कारखान्यातून आता नवी पद्मिनी निघणार नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली. जे मडगार्ड कापू, ते परत मिळेलच याची खात्री कोण देणार?

शेवटी आम्ही एअर डॅम बंपरच्या मूळ बोल्टांवरच बसवला, एकही नवं भोक न पाडता. रिपासिंगला कुणी हरकत घेतली तर चार बोल्ट काढले की गाडी होती तशी. स्पॉयलरसाठी डिकीला भोकं पाडावी लागली असती, म्हणून तो चांदणीसकट माझ्या टेबलावर पुस्तकांच्या आधाराला आहे. फ्लेअर्स माळ्यावर गेले, गणपतीच्या मखराशेजारी.

परवा आबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून बंपरखाली बघितलं आणि विचारलं, "हे निघतं ना?" दादा म्हणाला, "निघतं." आबांनी खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली.